भाड्याचे घर, दुरुस्तीचा खर्च आणि बहिणीचा वाटा

रिटर्न भरायचे दिवस आले की उपनगरातल्या आपल्या घराघरांत एक प्रश्न हमखास निघतो. अब्बांनी घेतलेला फ्लॅट जोगेश्वरीला, अंधेरीला, कुर्ल्याला किंवा घाटकोपरला भाड्याने दिलेला असतो. जुना भाडेकरू जातो, घर रिकामे होते आणि लगेच काम काढले जाते. रंग, नळ, वायरिंग, मोरीची गळती, स्वयंपाकघराचा ओटा. लाखभरात आटपेल म्हणून हात घातलेला असतो, पण शेवटी वहीत आकडा पडतो ४,८०,००० रुपये. मग विचारणा होते, "भाडे आले त्यापेक्षा खर्चच जास्त झाला. म्हणजे यंदा भाड्यावर कर शून्यच ना?"

याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. पुष्कळांना ते पटत नाही. दुकानदाराला खर्च वजा मिळतो, मग घरमालकाला का नाही, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. आम्ही पेशाने शिक्षक, सी.ए. नव्हे, तरी आकडे फळ्यावर मांडून दाखवले की निम्मी भीती जाते, असा आमचा वर्गातला अनुभव आहे. म्हणून या महिन्यात हाच हिशेब मांडून दाखवत आहोत. त्यात पुढे एक गोष्ट अशीही येईल, जी करापेक्षा मोठी आहे.

तीस टक्क्यांचा नियम

आयकर कायद्यात उत्पन्नाचे वेगवेगळे कप्पे आहेत. पगाराचा एक, धंद्याचा एक, घरभाड्याचा एक. प्रत्येक कप्प्याचे नियम निराळे. घरभाड्याच्या कप्प्यात हिशेब फार थोडक्यात होतो. वर्षभराचे भाडे घ्यायचे. त्यातून मालकाने त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेला महापालिकेचा मालमत्ता कर वजा करायचा. जे उरेल त्याचे ३० टक्के सरसकट सोडून द्यायचे. घरासाठी व्याजाने कर्ज घेतले असेल तर ते व्याज वजा करायचे. बस्स. उरलेली रक्कम म्हणजे करपात्र उत्पन्न.

हे ३० टक्के म्हणजेच दुरुस्ती, रंगरंगोटी, भाडे वसूल करण्याची धावपळ, विमा, दलाली अशा सगळ्या खर्चांसाठी सरकारने ठरवून दिलेली सूट. तुम्ही वर्षभरात एक रुपयाही खर्च केला नाही तरी ती मिळते. पाच लाख खर्च केले तरी तेवढीच मिळते. बिल दाखवावे लागत नाही, आणि दाखवले तरी जास्त मिळत नाही.

पूर्वी असे नव्हते. १९६१ च्या कायद्यात दुरुस्तीसाठी भाड्याच्या मूल्याचा सहावा हिस्सा सुटत असे. पुढे तो वाढत वाढत चौथ्या हिश्शावर आला. शिवाय विमा, वसुलीचा खर्च वगैरेंची निराळी मोजदाद असे. २००१ च्या अर्थसंकल्पाने ही सगळी कलमे एकत्र करून सरळ ३० टक्के केले. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, २०२५ लागू झाला. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, पण ३० टक्क्यांचा नियम तसाच आहे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. ही सूट जुन्या करपद्धतीतही मिळते आणि नव्या करपद्धतीतही.

आता आकडे मांडू

एक फ्लॅट धरू. जोगेश्वरीत, ४८० चौरस फुटांचा. भाडे महिना ३२,००० रुपये. हिशेब सोपा जावा म्हणून पूर्ण बारा महिने भाडे आले असे समजू. वर्षाचे झाले ३,८४,००० रुपये.

मालमत्ता कर किती वजा करायचा? इथे मुंबईची एक खास बाब आहे. बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. आपला फ्लॅट ४८० फुटांचा, म्हणजे कर भरलाच नाही. आणि जे भरले नाही ते वजा करता येत नाही. घर ५०० फुटांहून मोठे असेल तर कर बहुधा सोसायटीच्या मासिक बिलातून जातो. त्या बिलात मालमत्ता कराची रक्कम वेगळी लिहिलेली आहे का ते पाहावे, कारण तेवढीच वजा मिळते.

तर ३,८४,००० चे ३० टक्के म्हणजे १,१५,२००. ते वजा केले की उरतात २,६८,८०० रुपये. हे करपात्र. दुरुस्तीला ४,८०,००० गेले, तरी या आकड्यात फरक नाही.

वरवर पाहता हा अन्याय वाटतो. पण पाच वर्षांचा हिशेब धरा. दरवर्षी १,१५,२०० प्रमाणे पाच वर्षांत ५,७६,००० रुपयांची सूट मिळते. मोठे काम काही दरवर्षी निघत नाही. ज्या वर्षी खर्च शून्य, त्या वर्षीही सूट मिळालेलीच असते. म्हणून आमचे सांगणे असे की दरवर्षीच्या भाड्यातून तिसरा हिस्सा नाही तरी चौथा हिस्सा घराच्या नावाने बाजूला ठेवावा. सरकारने सूट दिली ती याच कामासाठी. आपण ती घरखर्चात विरघळू देतो आणि सहाव्या वर्षी गळती लागली की उसनवारी करत फिरतो.

काम चालू असताना घर दोन महिने रिकामे राहिले तर? त्या दोन महिन्यांचे भाडे आलेच नाही, ते उत्पन्नात धरायचे नाही. घर एरवी भाड्याने दिलेले आहे आणि केवळ रिकामे राहिल्याने भाडे कमी आले, तर प्रत्यक्ष दहा महिन्यांचेच भाडे मोजले जाते.

आणि भाडेकरूनेच रंग काढून घेतला, त्याबदल्यात दोन महिने भाडे दिले नाही, तर? ते भाडे आपल्याला मिळालेच असे समजावे. पैसे हातात न येता भिंतीवर लागले, एवढाच फरक.

कर्ज काढून दुरुस्ती केली तर

दुरुस्तीसाठी व्याजाने कर्ज घेतले असेल तर भाड्याच्या घराच्या बाबतीत ते व्याज वजा मिळते. मुद्दल मिळत नाही. घरखरेदीच्या कर्जाची मुद्दल जुन्या पद्धतीत कलम ८० सी खाली सुटते, पण आधीच राहते किंवा भाड्याने दिलेल्या घराच्या दुरुस्तीची, नूतनीकरणाची मुद्दल त्यात बसत नाही. जुन्या पद्धतीत व्याजामुळे भाड्याच्या कप्प्यात तोटा आला तर वर्षाला दोन लाखांपर्यंतचा तोटा पगार वगैरे इतर उत्पन्नातून वळता करता येतो, उरलेला आठ वर्षे पुढे नेता येतो. नव्या पद्धतीत तो तोटा इतर उत्पन्नातून वळता होत नाही.

आपल्यापैकी कितीतरी घरे व्याजाच्या वाटेला जातच नाहीत. मामूंकडून, मेव्हण्याकडून, जमातीतल्या कुणाकडून कर्ज-ए-हसना घेऊन काम उरकतात. तिथे व्याज नाही, म्हणून वजावटही नाही. त्यांच्यासाठी ३० टक्के हीच एकमेव सूट. हे आधीच माहीत असावे, म्हणजे "बँकेचे कर्ज घेतले असते तर कर वाचला असता" असा सल्ला कुणी दिला तर गोंधळ होत नाही. वर्षाला ४०,००० रुपये व्याज भरून त्यावर आठ हजारांचा कर वाचला, तर खिशातून ३२,००० गेलेलेच असतात. कर वाचवण्यासाठी व्याज भरणे हा हिशेबानेही तोट्याचाच सौदा आहे.

सोसायटीचे बिल

मेंटेनन्सचे काय, हा पुढचा प्रश्न. दरमहा तीन-चार हजार सोसायटीला जातात, भाड्याने दिल्याबद्दलचे आकार वेगळे. मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने २००५ साली अभिनेत्री शर्मिला टागोर यांच्या प्रकरणात सोसायटीचा मेंटेनन्स वार्षिक मूल्य ठरवताना वजा धरता येईल असा निकाल दिला होता. पण याच्या उलट निकालही आहेत, आणि कायद्याच्या शब्दांत मेंटेनन्सचे नाव नाही. म्हणून नुसत्या ऐकीव माहितीवर वजावट घेऊ नये, आपल्या सी.ए.ला विचारावे. त्यापेक्षा सरळ मार्ग म्हणजे करारनाम्यातच मेंटेनन्स भाडेकरूने परस्पर सोसायटीला भरावा असे लिहिणे. मग आपले भाडे तेवढे कमी दिसते आणि वादच उरत नाही.

करारनाम्यावरून आठवले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी लागत नाही, हा गैरसमज अजून पुष्कळ ठिकाणी आढळतो. बल्ब, नळाचा वॉशर अशी किरकोळ दुरुस्ती कुणी करायची आणि गळती, वायरिंग, छत कुणी पाहायचे, हे त्याच करारात लिहून घ्यावे.

इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीची वर्गणीही असते. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षे जुन्या इमारतीचे पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवे. उपनगरातल्या कितीतरी इमारती सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या. ऑडिट झाले की खांब-तुळयांच्या मजबुतीसाठी प्रत्येक सभासदाकडून लाख-दीड लाख मागितले जातात. ही वर्गणी भाड्यातून वजा होत नाही. ती ३० टक्क्यांतच आली. मात्र पावती फेकू नये. का, ते पुढे सांगतो. आणि इमारत वर्ष-दोन वर्षांत पुनर्विकासाला जाणार असेल तर फ्लॅटच्या आत मोठा खर्च करण्यापूर्वी सोसायटीच्या कमिटीला विचारूनच हात घालावा.

दुरुस्ती की नवे काम?

आता त्या दुकानदाराकडे वळू, ज्याला खर्च वजा मिळतो. साकीनाक्याच्या गाळ्यात कुणी स्वतः धंदा करत असेल, तर चालू दुरुस्तीचा खर्च त्याला नफ्यातून वजा करता येतो. पण तोच गाळा त्याने दुसऱ्याला भाड्याने दिला, तर सामान्यतः तो घरभाड्याच्या कप्प्यात जातो आणि तिथे पुन्हा ३० टक्केच. निवासी घर भाड्याने देऊन ते ‘धंद्याचे उत्पन्न’ म्हणून दाखवण्याची पळवाट काही जण काढत. २०२४ च्या दुसऱ्या अर्थसंकल्पाने निवासी घराचे भाडे घरभाड्याच्याच कप्प्यात दाखवायचे, असे स्पष्ट केले.

धंदेवाल्यालासुद्धा सगळेच सुटत नाही. चालू दुरुस्ती कशाला म्हणायचे यावर १९५६ साली मुंबई उच्च न्यायालयाने न्यू शोरॉक या कापड गिरणीच्या प्रकरणात कसोटी घालून दिली. तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांचा तो निकाल. त्याचा सारांश असा, की असलेली वस्तू टिकवण्यासाठी, चालू ठेवण्यासाठी केलेला खर्च म्हणजे दुरुस्ती; नवी वस्तू किंवा नवा फायदा निर्माण करण्यासाठी केलेला खर्च म्हणजे दुरुस्ती नव्हे. चाळीस वर्षांनी, १९९७ साली, सर्वोच्च न्यायालयापुढे एका जुन्या चित्रपटगृहाचे प्रकरण आले. मालकाने नवे यंत्र, नव्या खुर्च्या, नवी वायरिंग, बांधकामाची मोठी कामे असे सगळे करून घेतले होते. न्यायालयाने हीच कसोटी लावली आणि ही चालू दुरुस्ती नाही, भांडवली खर्च आहे, असे ठरवले.

घरमालकाला या कसोटीचा उपयोग काय? भाड्याच्या हिशेबात काही नाही. पण घर विकताना पुष्कळ. विक्रीच्या किमतीतून मूळ खरेदीची किंमत वजा होते, आणि घरात जी कायमची भर घातली, जे बदल केले, त्यांचा भांडवली खर्चही वजा होतो. नुसती दुरुस्ती होत नाही.

आपल्या ४,८०,००० चे दोन भाग करू. रंग ६०,०००, गळतीचे काम ५०,०००, वायरिंगची दुरुस्ती ४०,०००, नळ आणि दरवाजे ३०,०००. हे झाले १,८०,०००. ही दुरुस्ती, ३० टक्क्यांत जमा. सोसायटीच्या परवानगीने दुसरे बाथरूम नव्याने बांधले, १,८०,०००. स्वयंपाकघरात ओटा वाढवून भिंतीत पक्की कपाटे केली, १,२०,०००. हे ३,००,००० घरातली कायमची भर म्हणून मांडता येतात. सोफा, पंखे, फ्रिज, पडदे यांना मात्र यात जागा नाही. त्या हलत्या वस्तू.

घर दोन वर्षांहून जास्त काळ ठेवून विकले तर २३ जुलै २०२४ पासून नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांक लावून २० टक्के, हाही पर्याय आहे. जो कमी बसेल तो. १२.५ टक्क्यांनी पाहिले तर ३,००,००० च्या पावत्या जपल्याने ३७,५०० रुपये कर आणि त्यावरचा ४ टक्के उपकर १,५००, असे ३९,००० वाचतात. पावत्या हरवल्या तर हे ३९,००० गेले. कागदाच्या एका फाइलीची ही किंमत. सोसायटीच्या मोठ्या दुरुस्तीची पावती याच फाइलीत ठेवावी. विक्रीच्या वेळी ती कशात बसते ते सी.ए. पाहील.

घर वारशाने आलेले असेल तर अब्बांनी ज्या किमतीला घेतले तीच आपली किंमत मानतात. त्यांनी ते १ एप्रिल २००१ पूर्वी घेतले असेल तर त्या दिवशीची बाजारकिंमत धरता येते, आणि त्या तारखेनंतर अब्बांनी किंवा आपण घातलेली भर मोजली जाते. म्हणून अब्बांच्या जुन्या पिशवीतले कागद रद्दीत घालण्यापूर्वी एकदा चाळावेत.

भाडे कुणाचे?

आता मुख्य गोष्ट. वर आम्ही "आपले भाडे" म्हणत आलो. पण ते नक्की कुणाचे?

आपल्यात एकत्र हिंदू कुटुंबासारखी ‘कुटुंबाची’ म्हणून निराळी फाइल नसते. वडिलांच्या निधनाच्या क्षणीच वारसांचे हिस्से ठरतात. दफनविधीचा खर्च, कर्जे आणि वसीयत असेल तर ती तिसऱ्या हिश्शाच्या मर्यादेत फेडून उरलेल्या मालमत्तेत प्रत्येकाचा वाटा निश्चित असतो. आयकर कायदाही हेच म्हणतो. सहमालकांचे हिस्से ठरलेले असतील तर प्रत्येकाने आपापल्या हिश्शाचे भाडे आपापल्या रिटर्नमध्ये दाखवायचे. सोसायटीत नॉमिनी म्हणून एकाचेच नाव असले म्हणून तो मालक होत नाही. तो इतर वारसांच्या वतीने सांभाळणारा.

समजा घरात अम्मी, एक भाऊ आणि दोन बहिणी आहेत. अम्मीचा आठवा हिस्सा. उरलेल्यात भावाचे दोन वाटे, बहिणींचा एकेक. ३२,००० भाड्यात अम्मीचे ४,०००, भावाचे १४,०००, प्रत्येक बहिणीचे ७,०००. वाटे ठरवताना आपल्या मसलकाच्या जाणत्या आलिमांना विचारून घ्यावे; आम्ही इथे सर्वसाधारण उदाहरण घेतले आहे.

प्रत्यक्षात बहुतेक घरांत काय होते? सगळे भाडे भाईजानच्या खात्यात येते. तेच भाडेकरू पाहतात, तेच दुरुस्ती करतात, रिटर्नही त्यांच्याच नावाने. बहिणी मुलुंडला, भिवंडीला, रत्नागिरीला आपापल्या सासरी. त्या विचारत नाहीत, कारण विचारले तर माहेर तुटेल ही भीती. आणि कधी विचारलेच तर उत्तर ठरलेले असते, "घराला पाच लाख घातले मी. कसले भाडे?"

आम्हांला वाटते भाईजानची बाजूही खरी असते. खर्च त्यांनी केलेला असतो, धूळ त्यांनी खाल्लेली असते. पण खरी बाजू असणे आणि हिशेब असणे यांत फरक आहे. हिशेब मांडला तर काय दिसते पाहा. ४,८०,००० खर्चातला अम्मीचा वाटा ६०,०००, भावाचा २,१०,०००, प्रत्येक बहिणीचा १,०५,०००. बहिणीचे महिन्याचे भाडे ७,०००. ते भावाने पंधरा महिने वळते करून घेतले की १,०५,००० पुरे. अम्मीचे ४,००० प्रमाणे पंधरा महिन्यांत ६०,००० पुरे. सोळाव्या महिन्यापासून प्रत्येकाचा वाटा त्याच्या खात्यात जायला हवा. "पाच लाख घातले" हे वाक्य पंधरा महिने चालते. पंधरा वर्षे नाही.

हे ठरवायचे कधी? काम काढण्यापूर्वी. गळती थांबवणे, धोकादायक वायर बदलणे ही गरज आहे. दुसरे बाथरूम बांधणे ही निवड आहे. निवडीच्या खर्चाला बहिणींची संमती आधी घ्यावी. व्हॉट्सॲपवर का असेना, लेखी. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश कुरआनच्या सर्वांत लांब आयतीत आहे हे आपण जुम्याच्या बयानात ऐकतो, पण भावाबहिणींत लिहिणे म्हणजे अविश्वास असे मानून तिथेच टाळतो. खरे तर नाते टिकवण्यासाठीच लिहायचे असते.

यात करही वाचतो

प्रत्येकाने आपला वाटा दाखवला तर करही कमी बसतो, आणि तो सरळ मार्गाने. करपात्र २,६८,८०० पैकी भावाच्या हिश्शाला येतात १,१७,६००, अम्मीच्या ३३,६००, प्रत्येक बहिणीच्या ५८,८००. भाऊ चांगल्या पगारावर असेल आणि नव्या पद्धतीत २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर सगळे भाडे स्वतःच्या नावावर दाखवून तो ५३,७६० रुपये कर भरतो. फक्त आपला हिस्सा दाखवला तर २३,५२०. फरक ३०,२४० रुपयांचा, उपकर वेगळा. अम्मीला आणि बहिणींना दुसरे उत्पन्न नसेल तर त्यांच्या वाट्यावर कर नाहीच. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत चार लाखांपर्यंत कर नाही आणि नेहमीच्या उत्पन्नावर बारा लाखांपर्यंत सवलतीने कर शून्य होतो.

पण एक अट आहे, ती नीट ध्यानात घ्यावी. बहिणीच्या नावाने उत्पन्न दाखवले तर पैसे बहिणीकडे गेले पाहिजेत, बँकेतून. कागदावर तिचा वाटा दाखवायचा आणि रक्कम स्वतः वापरायची, हे सरकारशीही खोटे आणि बहिणीशीही. दुरुस्तीचे पैसे वळते करण्याच्या पंधरा महिन्यांतसुद्धा बहिणीचे भाडे हे तिचेच उत्पन्न. तिने ते भावाचे देणे फेडायला वापरले, इतकेच. त्यामुळे त्या काळातही तिचा हिस्सा तिच्याच नावावर दाखवावा. आणि असे वळते केले की नव्या बाथरूमच्या खर्चातला तिचा हिस्सा तिनेच केलेला ठरतो; उद्या घर विकले तर तिच्या वाट्याच्या नफ्यातून तो तिला वजा मागता येतो. भावाने परस्पर सगळा खर्च स्वतःच्या नावाने ठेवला तर बहिणीच्या हातात दाखवायला काहीच राहत नाही.

फाइलीत काय ठेवावे

एक जाड फाइल घ्यावी आणि तिच्यावर घराचा पत्ता लिहावा. आत मूळ खरेदीखत आणि शेअर सर्टिफिकेटची प्रत. नोंदणीकृत भाडेकरार. मालमत्ता कराची बिले किंवा माफीचा कागद. सोसायटीची परवानगीची चिठ्ठी. कंत्राटदाराचे कोटेशन आणि जीएसटीचे बिल. गवंडी, प्लंबर, सुतार यांना रोख दिले असेल तर तारीख, काम आणि रक्कम लिहून त्यांच्या सहीची पावती. शक्यतो पैसे यूपीआयने किंवा चेकने द्यावेत. कामाआधीचे आणि नंतरचे फोटो. दुरुस्तीची बिले एका पाकिटात, कायमच्या भरीची दुसऱ्या पाकिटात. आणि सगळ्यांत वर एक साधा कागद. त्यावर वारसांची नावे, प्रत्येकाचा हिस्सा, कुणी किती खर्च केला, कितव्या महिन्यापर्यंत वळते होणार, आणि सर्वांच्या सह्या.

या कागदाला स्टॅम्प पेपर लागत नाही, वकील लागत नाही. रविवारी अम्मीच्या घरी सगळे जेवायला जमले की दस्तरखान आवरल्यावर अर्ध्या तासात तो होतो. बहिणीने मागण्याची वाट पाहू नये. ती मागणार नाही. भाईजाननेच वही काढावी आणि म्हणावे, "आपा, हा तुझा हिशेब, बघून घे."